आधी भांडण ठरवा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात सिमेंटचे चार मोठे कारखाने आहेत आणि चारही कारखान्यांचा मालक या शतकात बदलला. आवारपूरचा कारखाना लार्सन अँड टुब्रोनं 1983 साली सुरू केला. 2004 मध्ये तो बिर्लांकडे जाऊन अल्ट्राटेक झाला. गडचांदूरचं माणिकगड सेंच्युरीचं होतं, 2019 मध्ये तेही अल्ट्राटेकच्या पोटात गेलं. उपरवाहीच्या अंबुजाची मालकी 2022 च्या सप्टेंबरात होल्सिम या स्विस कंपनीकडून अदानींकडे आली. नारंड्याचा मुरली इंडस्ट्रीजचा कारखाना कर्जात बुडाला, दिवाळखोरीच्या लवादात गेला आणि 402 कोटींच्या आराखड्यावर 2020 मध्ये दालमियांनी उचलला. बँकांचं येणं त्याहून कितीतरी मोठं होतं. ज्यांनी बाजारात मुरलीचे शेअर घेतले होते त्यांचे शेअरचे पैसे गेले. पण त्या थकबाकीपायी कुणा शेअरवाल्याच्या दारात जप्तीवाला गेला नाही.

आता याच रस्त्यावरचं एखादं हार्डवेअरचं दुकान बुडू द्या. दुकानाबरोबर मोटरसायकल जाते, मग प्लॉट जातो, मग बायकोच्या गळ्यातलं गहाण पडतं आणि शेवटी भाऊ भावाशी बोलायचा थांबतो. दोन्हीकडे धंदाच बुडालेला असतो. फरक आहे तो कागदाचा.

आमच्या तालुक्यातल्या तरुण मंडळींनी यातून भलताच बोध घेतला. ‘भाऊ, आपल्यालेही प्रायव्हेट लिमिटेड काढाची आहे.’ काहून रे बाप्पा? ‘वजन पडते न.’ दोन हायवा टिप्पर, एक मेव्हणा आणि एक लेटरहेड एवढ्या भांडवलावर डायरेक्टर होता येतं, हे त्याला नांदाफाट्यावरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगितलेलं असतं. गाडीच्या काचेवर मागे ‘डायरेक्टर’ असं चिकटवून झालेलं असतं. कंपनी तेवढी बाकी असते.

आणि कंपनी निघतेही झटपट. पूर्वी लागणारी लाखभर रुपये भरणा भांडवलाची अट 2015 मध्येच गेली. अधिकृत भांडवल 15 लाखांपर्यंत असेल तर नोंदणीची सरकारी फी शून्य. मुद्रांक शुल्क आणि सीएची फी तेवढी वेगळी. अर्ज ऑनलाइन. तो मंजूर होतो हरियाणातल्या मानेसरला. म्हणजे कोरपन्यात तुरीची डाळ भरडणाऱ्या कंपनीचं बारसं मानेसरला होतं, आणि आत्याबाई तिथूनच कळवतात की हे नाव दुसऱ्या कुणीतरी ठेवलेलं आहे, दुसरं सुचवा. जन्म स्वस्त आहे, यात वाद नाही. पोसण्याचं काय, ते बारशाला कुणी सांगत नाही.

पोसायचं म्हणजे असं. धंदा रुपयाचा होवो की नाही, ऑडिट करावंच लागतं. सभा घ्याव्या लागतात, निदान घेतल्याचं लिहावं लागतं. दरवर्षी हिशेबाचा एक फॉर्म आणि वार्षिक विवरणाचा दुसरा. उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे रोज 100 रुपये, आणि या मीटरला वरची मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म वर्षभर विसरलात तर 73,000 रुपये. एवढ्यात हायवाचे टायर येतात. बरं, नको झाली कंपनी म्हणून बंद करायला जावं, तर त्या अर्जाचे 10,000 रुपये, आणि तो अर्जही मानेसरलाच. 2023 पासून कंपन्यांच्या अंत्यविधीचं कार्यालय तिथेच उघडलंय. मधल्या काळात कंपनी जगली कुठे, हा प्रश्न मानेसरला पडत नाही.

आता त्या कंपनीतला दुसरा डायरेक्टर. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन डायरेक्टर आणि दोन भागधारक लागतात. दुसरा कोण? बायको. तिला विचारतो कोण? आधार कार्ड कपाटातून काढलं, डिजिटल सहीसाठी मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला, झालं. ही युक्ती आमच्याकडची नाही, चांगली जुनी आहे. लंडनच्या सॉलोमन नावाच्या बूटवाल्यानं एकोणिसाव्या शतकात असंच केलं होतं. सात माणसं लागायची, म्हणून त्यानं बायको आणि पाच मुलं धरली, प्रत्येकाला एकेक शेअर दिला आणि उरलेले वीस हजारांवर शेअर स्वतः ठेवले. धंदा बुडाल्यावर धनको म्हणाले, ही कंपनी म्हणजे हा माणूसच आहे. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठानं सांगितलं, नाही, कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. आपल्यासकट इंग्रजी वळणाच्या कंपनी कायद्याचा पाया या 1897 च्या निकालपत्रावर उभा आहे. आमचे डायरेक्टरसाहेब सॉलोमनचे वारसच म्हणायचे. फक्त सॉलोमन हिशेब लिहायचा.

न लिहिल्यावर काय होतं ते 2017 मध्ये दिसलं. केंद्र सरकारनं एका फटक्यात सव्वादोन लाखांच्या आसपास कंपन्या नोंदवहीतून खोडल्या आणि तीन लाखांवर डायरेक्टर अपात्र ठरवले. विवरणपत्रं सलग भरली नव्हती, एवढं कारण पुरलं. त्यात खोटी कंपनी काढून पैसे फिरवणारे होते, तसे सहीपुरते डायरेक्टर झालेले नातेवाईकही होते. एका कंपनीत अपात्र ठरलं की पाच वर्षं कुठल्याच कंपनीत डायरेक्टर होता येत नाही. ज्या बाईला आपण डायरेक्टर आहोत हेच माहीत नव्हतं, तिला आपण अपात्र आहोत हेही कळलं नाही, एवढाच काय तो दिलासा.

‘पण भाऊ, जबाबदारी तर मर्यादित राहते न?’

राहते की. बँकेत जाईपर्यंत राहते. कंपनीच्या नावानं कर्ज मागायला गेलात की मॅनेजर खुर्ची देतो, चहा मागवतो आणि कर्जाच्या कागदांत एक वैयक्तिक हमीपत्र सरकवतो. त्यावर सही केली की मर्यादा संपली. कायद्यानं तुम्हाला जी भिंत बांधून दिली, तिला तुम्ही स्वतःच्या पेनानं दार पाडलं. 2019 च्या डिसेंबरपासून तर कंपनीच्या कर्जाला हमी देणाऱ्या व्यक्तीवरही दिवाळखोरीची कारवाई करता येते, आणि सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये ते योग्य ठरवलं. बाजारातल्या शेअरवाल्याकडे हमी मागायला कुणी जात नाही. कोरपन्याच्या डायरेक्टरकडे मात्र पहिल्याच दिवशी मागतात, आणि तो ‘इथे सही करा’ म्हटल्यावर ‘कुठे?’ एवढंच विचारतो.

म्हणून माझं सरळ मत सांगतो: आमच्याकडच्या दहापैकी आठ धंद्यांना कंपनीची गरज नाही. वर्कशॉप, मेस, किराणा, जीपभाडं, पिठाची गिरणी यांना प्रोप्रायटरशिप पुरते. पॅन तुमचाच, कर तुमच्याच स्लॅबनं, दुकानाची नोंद तुमच्याच नावानं. विसापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यानं नुसती माहिती कळवली की भागतं. मालाच्या धंद्यात उलाढाल 40 लाखांच्या आत आणि सेवेच्या धंद्यात 20 लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटीचीही घाई नाही. (कारखान्याच्या गेटवर मात्र जीएसटी नंबर नसला तर रजिस्टरात नावही लिहीत नाहीत. कायद्याची मर्यादा वेगळी आणि गेटची वेगळी.) प्रोप्रायटरशिपमध्ये दोनच उणिवा. एक, बुडालात तर अख्खे बुडता. दुसरी, मेलात तर धंदाही तुमच्याबरोबर जातो. व्हेंडर कोड मेलेल्याच्या नावावर, अडकलेलं बिल मेलेल्याच्या नावावर, आणि पोरगा वारसाचा दाखला घेऊन अकाउंट्सच्या खिडकीसमोर उभा.

दोघं-तिघं मिळून धंदा करणार असाल तर मात्र गोष्ट बदलते आणि खरा खेळ इथून सुरू होतो. आमच्याकडे भागीदारी विश्वासावर चालते. एक जण जमीन देतो, एक जण पैसा आणतो, तिसरा ‘ओळख’ आणतो. कागद? ‘आपल्यात कागद कसाले पाह्यजे?’ भागीदारीचा कायदा 1932 चा आहे आणि तोंडी भागीदारीलाही तो मानतो, हे खरं. पण त्याच कायद्याचं 69 वं कलम सांगतं, की फर्म नोंदलेली नसेल तर करारापोटीचे पैसे वसूल करायला बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, आणि करारातल्या हक्कासाठी भागीदारावरही नाही. भागीदारी मोडून हिशेब मागता येतो, बस्स. म्हणजे मैत्री संपवायला कोर्ट उघडं, चालू ठेवायला बंद. शिवाय फर्मच्या कर्जाला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार. तिघांत दोघं फरार झाले तर तिसऱ्याकडून सगळं वसूल. आणि दोघांच्या भागीदारीत एक वारला तर फर्म तिथेच संपते. मोठ्या फर्ममध्येही, भागीदारीपत्रात वेगळं लिहिलं नसेल तर, तेच होतं.

तेव्हा भागीदारीपत्रात नफ्याचे टक्के लिहिण्यात फार वेळ घालवू नका. नफ्यावर सुरुवातीला कुणी भांडत नाही, कारण तो नसतोच. भांडणं लिहा. एकानं पगारी नोकरी धरली तर? एकाच्या पोराला धंद्यात घ्यायचं की नाही? हायवा कुणाच्या नावावर आणि हप्ता थकला तर कुणाच्या दारी? निवडणुकीला उभं राहायची लहर आली तर खर्च कोण करणार? (हसू नका. आमच्याकडे निम्म्या भागीदाऱ्या याच प्रश्नावर फुटतात.) एकाला बाहेर पडायचं तर त्याच्या हिश्शाची किंमत कोण ठरवणार आणि किती दिवसांत देणार? ज्या बैठकीत या प्रश्नांवर चहा थंड होतो, तीच खरी स्थापना सभा. जिथे यावरच कुणीतरी उठून निघून जातं, तिथे पुढचे वकिलाचे पैसे वाचले समजा.

एवढं बसून ठरवता आलं आणि मर्यादित जबाबदारीही हवी असेल, तर एलएलपी हा मधला मार्ग बरा. 2008 चा कायदा आहे, दोन भागीदार पुरतात, आणि उलाढाल 40 लाखांच्या व भांडवल 25 लाखांच्या आत असेल तर ऑडिटची सक्ती नाही. कर मात्र सरसकट 30 टक्के. कमी नफ्याच्या धंद्याला प्रोप्रायटरचा स्लॅब त्याहून स्वस्त पडतो. एका माणसाची कंपनी म्हणूनही एक प्रकार आहे. तिला एकच सभासद लागतो, पण तो मेल्यावर कोण, त्याचं नाव आणि संमती आधीच द्यावी लागते. एका माणसाच्या कंपनीला दोन माणसं लागतात. पुढे जाऊ.

पुढे शेतकरी उत्पादक कंपनी आहे, आणि तिच्यावर थांबायलाच हवं. तालुका कापसाचा, सोयाबीनचा. उत्पादक कंपनीची कल्पना मुळात चांगली. सहकारी संस्थेतला पुढारी आणि सरकारी प्रशासक दोघांनाही बाजूला ठेवावं, म्हणून 2002 मध्ये कंपनी कायद्यात खास प्रकरण घातलं. दहा शेतकरी, किमान पाच डायरेक्टर, शेअर कितीही असोत मत एकच, आणि पगारी सीईओ सक्तीचा. मग 2020 च्या फेब्रुवारीत केंद्रानं दहा हजार उत्पादक संघांची योजना आणली. मैदानी भागात 300 सभासद दाखवा, तीन वर्षांत व्यवस्थापनाला 18 लाखांपर्यंत घ्या, सभासदामागे 2,000 रुपयांपर्यंत जोड भांडवल घ्या, कमाल 15 लाख. झालं! सातबारे गोळा करायला पोरं गावोगाव सुटली. ज्या गावात बैलजोडी विकत घ्यायला दोन भाऊ एकत्र येत नव्हते, तिथून एका रात्रीत 300 सभासद निघाले.

अशा कंपनीचा सीईओ म्हणजे डायरेक्टरचा भाचा. ऑफिस म्हणजे डायरेक्टरच्या घराचा ओटा. खरेदी म्हणजे काटा, आणि काट्यावर शेवटी व्यापाऱ्याचाच माणूस. सभासदाला शेअरची पावती मिळते. आपण मालक आहोत हे त्याला कळायचं राहतं. तीन वर्षांनी मदत संपली की पाटी उरते आणि वर सांगितलेलं रोजच्या 100 रुपयांचं मीटर सुरू होतं. अपवाद आहेत, चांगले आहेत, आणि ते सगळे आधी धंदा करून मग कंपनी झालेले आहेत. योजना बघून काढलेली कंपनी योजनेपुरतीच जगते. तिला मालक म्हणून 300 माणसं असतात, आणि रडायला एकही नसतं.

नाशिकच्या मोहाडीची सह्याद्री बघा. उत्पादक कंपनी असल्यानं बाहेरच्या गुंतवणूकदाराला तिचे शेअर देता येत नाहीत. कायदाच आडवा येतो, आणि तो मुद्दाम तसा केलाय. पैसा तर लागणार होता. मग त्यांनी मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच ठेवून काढणीनंतरच्या कामासाठी वेगळी कंपनी पुढे केली आणि 2022 मध्ये तिच्यात युरोपच्या गुंतवणूकदारांचे 310 कोटी घेतले. बाहेरचा पैसा कुठल्या दारातून आत येणार आणि कुठल्या दारापाशी थांबणार, हे पैसा यायच्या आधी ठरलेलं होतं. यालाच मी भांडण ठरवणं म्हणतो.

आणि दरवेळी कंपनीच लागते असंही नाही. लिज्जत पापड 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केला. 1966 मध्ये नोंदणी केली ती सोसायटी म्हणून, 1860 च्या कायद्याखाली. आजही पापड लाटणारी बाई तिथे मालकीण आहे, डायरेक्टरची बायको नाही.

आमच्याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव तर सोसायटीच्याही अलीकडे थांबलं. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये त्यांना हजारभर हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूचा व्यवसाय ग्रामसभाच करते: तोड, मोजणी, विक्री, मजुरी, सगळं. नियम गावानं बसून स्वतः लिहिले. तेंदूपत्त्यात रोख पैसा असूनही तो तोडायचा नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात, आग लावावी लागते आणि टेंभरं खायला उरत नाहीत. त्याच्याही आधी, 2011 च्या एप्रिलमध्ये, गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक मिळालं, तेही ग्रामसभेलाच. ग्रामसभेचे म्होरके देवाजी तोफा यांच्या गावानं त्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड काढली नव्हती. कुणाच्या वाट्याला काय येणार, कोण मोजणार आणि चुकला तर काय करायचं, हे सगळ्यांसमोर बोलून झालेलं असलं की मानेसरवाचून अडत नाही. अर्थात हायवाच्या धंद्याला ग्रामसभा चालणार नाही, हे मलाही कळतं. पाचगावाकडून बसून बोलणं तेवढं घ्या.

आता ज्या कारणासाठी आमचा डायरेक्टर कंपनी काढायला निघाला होता, तिथे परत येऊ. मोठ्या गेटच्या आत बिल अडकतं. त्याला वाटतं लेटरहेडवर ‘लिमिटेड’ असलं तर लवकर निघेल. खरं तर लहान उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघू उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवावं लागतं. नाही चुकवलं तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज. 2024 पासून आयकरातही मेख मारली आहे: मुदत टळून पैसे वर्षअखेरीलाही थकलेले राहिले तर मोठ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही. हे संरक्षण मिळवायला उद्यम नोंदणी लागते. ती प्रोप्रायटरलाही मिळते, आधारवर मिळते आणि फुकट मिळते; नेट कॅफेवाला जे घेतो ते टाइपिंगचे. फक्त ती काम घ्यायच्या आधी करायची, बिल अडकल्यावर नाही, आणि नुसत्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला हे 45 दिवसांचं कवच मिळत नाही. तक्रार केली तर पुढचं काम बंद होईल ही भीती उरतेच. तिच्यावर अजून कुठल्या कायद्यानं औषध काढलेलं नाही, आणि लिमिटेड कंपनीलाही ती तेवढीच वाटते.

तेव्हा भाऊ, काचेवरचं स्टिकर राहू दे, तेवढ्यासाठी मानेसरहून कुणी विचारायला येत नाही. उद्यमची नोंदणी आजच कर. भागीदार असेल तर भांडणाचे कागद कर आणि फर्म नोंदव. आणि एवढं करूनही कंपनीच काढायची असेल, तर ज्या कागदांवर घरच्या माऊलीची सही घेणार आहेस ते आधी तिला नीट वाचून दाखव, बँकेच्या हमीपत्रासकट. वाचून झाल्यावर तिनं सही द्यायला नकार दिला, तर प्रोप्रायटरशिप कर. तिला दुसऱ्या कुणाची सही लागत नाही.